तैवानी माणसाच्या आयुष्याचा अभ्यास कसा करावा: जन्मवर्ष, घर, आरोग्य आणि रूढी

तैवानविषयी वाचताना दोन विधाने वारंवार भेटतात. एक असे की, तेथील संस्कृती विद्येला मान देते, म्हणून तेथील लोक शिकले आणि पुढे गेले. दुसरे असे की, तेथील कुटुंब घट्ट आहे, म्हणून म्हातारपण सुखाने जाते. दोन्हींत तथ्य आहे, पण ही विधाने कोणत्याही काळाला आणि कोणत्याही घराला चिकटवता येतात, आणि त्यामुळे त्यांनी फारसे काही उलगडत नाही. विद्येला मान देणारी तीच संस्कृती १९५० च्या दशकातही होती, आणि तरीही तेव्हा बहुतेक मुलींचे शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबत होते.

तैवानमधील आयुष्यांवर प्रबंध, लेख किंवा अहवाल लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि पत्रकारांसाठी हे मार्गदर्शन आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. संस्कृती, आरोग्य किंवा घराणे यांचा परिणाम सांगणारे कोणतेही वाक्य लिहिण्यापूर्वी, तो परिणाम कोणत्या वर्षी, कोणत्या घरात, कोणाच्या कोणत्या निर्णयातून घडला आणि आपण त्या माणसाची तुलना कोणाशी करत आहोत, हे शोधून काढावे.

जन्मवर्ष आधी, बाकी सगळे नंतर

तैवानमध्ये विसाव्या शतकात बदल इतक्या वेगाने झाले की, दहा वर्षांच्या अंतराने जन्मलेली दोन सख्खी भावंडे जणू दोन वेगळ्या देशांत वाढली. म्हणून अभ्यासाच्या वहीत प्रत्येक व्यक्तीच्या नावाशेजारी पहिला रकाना जन्मवर्षाचा असावा.

हे वर्ष मोजतानाच पहिली चूक होते. सरकारी नोंदींत ‘चीनचे प्रजासत्ताक’ (तैवानचे अधिकृत नाव) याचा शक वापरतात आणि त्याचे पहिले वर्ष १९१२ आहे, त्यामुळे नोंदीतल्या आकड्यात १९११ मिळवावे लागतात. कागदावर ५७ दिसले तर ते १९६८ समजावे. वृद्ध माणसे वय सांगताना जन्मतःच एक वर्ष धरतात आणि चांद्र नववर्षाला त्यात एक मिळवतात, म्हणून सांगितलेल्या वयावरून जन्मवर्ष काढू नये, शक्य असल्यास ओळखपत्र पाहावे.

जन्मवर्ष हाती आल्यावर ते कोणत्या घटनांच्या अलीकडे किंवा पलीकडे पडते, हे पाहावे. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ तैवानमध्येही आली होती. त्या वेळी आईच्या पोटात असलेली, म्हणजे मुख्यतः १९१९ मध्ये जन्मलेली पिढी पुढे आजूबाजूच्या वर्षांतल्या पिढ्यांपेक्षा उंचीने थोडी कमी भरली, कमी शिकली आणि म्हातारपणी तिच्यात मूत्रपिंडाचे विकार व मधुमेह अधिक आढळले, असे जुन्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात दिसले आहे. गर्भातल्या काही महिन्यांचा पडसाद सत्तर वर्षांनी ऐकू यावा, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

दुसरी रेघ १९६८ ची आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून सक्तीचे शिक्षण सहा वर्षांवरून नऊ वर्षांवर गेले आणि माध्यमिक शाळेत जाण्यासाठीची प्रवेशपरीक्षा रद्द झाली. साधारण १९५५-५६ नंतर जन्मलेल्या मुलांना याचा लाभ मिळाला, त्यांच्या थोरल्या भावंडांना मिळाला नाही. नव्या शाळा सर्व परगण्यांत सारख्या प्रमाणात उघडल्या नव्हत्या, आणि अभ्यासकांना तेच उपयोगी पडले: जिथे शाळा अधिक निघाल्या तिथल्या आणि जिथे कमी निघाल्या तिथल्या मुलांची तुलना करता आली. तशी तुलना करून, आईबापांच्या वाढलेल्या शिक्षणामुळे पुढच्या पिढीतली कमी वजनाची बाळे आणि अर्भकमृत्यू घटले, असा निष्कर्ष निघाला. शिकलेल्या आईची मुले निरोगी असतात एवढेच पाहून थांबले, तर ती आई मुळात सुखवस्तू घरातली होती का, ही शंका शिल्लक राहते. १९६८ च्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाहिले की ती बरीचशी मिटते.

तिसरी रेघ १ मार्च १९९५ ची. त्या दिवशी राष्ट्रीय आरोग्य विमा सुरू झाला. त्याआधी कामगार, सरकारी नोकर आणि शेतकरी यांचे वेगवेगळे विमे होते आणि मुले, वृद्ध व नोकरी नसलेल्या स्त्रिया यांतला मोठा भाग त्यांच्या बाहेर होता. आता जवळजवळ संपूर्ण लोकसंख्या एकाच विम्यात आहे. १९९५ पूर्वी आजारी पडलेल्या माणसाची कहाणी आणि त्यानंतरची कहाणी एकाच परिच्छेदात सरमिसळ करून लिहू नये.

घर म्हणजे कोण, हे आधी ठरवावे

कौटुंबिक पार्श्वभूमी म्हणून बहुतेक सर्वेक्षणे वडिलांचे शिक्षण आणि व्यवसाय विचारतात. तैवानसाठी हे पुरेसे नाही, कारण एकाच बापाच्या मुलांना एकसारखे आयुष्य मिळालेले नाही. भावंडे किती, त्यांत भाऊ किती आणि बहिणी किती, आपला क्रमांक कितवा, आणि शाळा कोणी कोणासाठी सोडली, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यामागचे कारण १९६० आणि १९७० च्या दशकांत आहे. १९६६ मध्ये काओशुंग या दक्षिणेतल्या बंदरशहरात निर्यात प्रक्रिया क्षेत्र उघडले, आणि प्राथमिक शाळा संपवलेल्या हजारो मुली तिथल्या कापड, प्लास्टिक व इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत कामाला लागल्या. त्यांचा पगार घरी जात असे आणि त्यातून धाकट्या भावंडांची फी भरली जाई. भावंडांची संख्या आणि क्रम लक्षात घेऊन केलेल्या संशोधनात, थोरली बहीण असणे हे धाकट्यांच्या शिक्षणासाठी लाभाचे आणि तिच्या स्वतःच्या शिक्षणासाठी तोट्याचे ठरले, असे स्पष्ट दिसते. घराची सरासरी काढली की ही थोरली बहीण हिशेबातून नाहीशी होते, आणि तसे होऊ देणे मला केवळ शास्त्रदृष्ट्या चुकीचे वाटत नाही, अन्यायाचेही वाटते.

३ सप्टेंबर १९७३ रोजी काओशुंगच्या चीजिन बेटावरून कामाला निघालेली एक बोट बुडाली आणि २५ अविवाहित कामगार मुली मरण पावल्या. त्यांना एकत्र पुरण्यात आले. रूढीनुसार अविवाहित मुलीला माहेरच्या देवघरातल्या पूर्वजांच्या पाटीवर जागा नसते; तिची जागा सासरच्या पाटीवर असते, आणि यांना सासर नव्हते. ज्या मुलींच्या कमाईवर घर उभे होते, त्यांना त्याच घराच्या पूर्वजांत स्थान नव्हते. रूढी आणि अर्थकारण एकाच घरात परस्परविरुद्ध दिशांनी कसे चालतात, हे समजून घेण्यासाठी यापेक्षा बोलके उदाहरण मला माहीत नाही. २००८ मध्ये त्या जागेला श्रमिक स्त्रियांचे स्मारक असे रूप देण्यात आले.

वारशाबाबतही कायदा आणि व्यवहार वेगवेगळे नोंदवावेत. नागरी संहितेप्रमाणे मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, पण अनेक मुली वडिलांच्या मृत्यूनंतर हक्क सोडल्याचे कागद देतात. म्हणून वारसा मिळाला का, एवढेच न विचारता, हक्क होता का आणि तो कोणाच्या सांगण्यावरून सोडला, असे विचारावे. त्याचप्रमाणे म्हाताऱ्या आईवडिलांबाबत ‘ते कोणाकडे राहतात’ हा प्रश्न फसवा ठरतो. काही घरांत आईवडील मुलांकडे पाळीपाळीने जेवतात. राहणे एकीकडे, जेवण दुसरीकडे आणि औषधाचा खर्च तिसऱ्याकडे असू शकतो. शिवाय आज अशा कित्येक घरांत प्रत्यक्ष सेवा करणारी व्यक्ती इंडोनेशिया, व्हिएतनाम किंवा फिलिपाइन्सहून आलेली असते, आणि कुटुंबाचा तक्ता आखताना तिचे नाव सहज राहून जाते.

जुन्या काळाचा अभ्यास करायचा असेल, तर जपानी राजवटीतल्या कुटुंब-नोंदवह्या हा विलक्षण साठा आहे. लहानपणीच दत्तक आणून पुढे घरच्या मुलाशी लग्न लावलेली मुलगी, जिला होक्लो या तिथल्या बहुसंख्यांच्या भाषेत ‘सिम्पुआ’ म्हणत, तिची नोंद त्यांत वेगळी होत असे. उत्तर तैवानमधल्या नोंदी तपासल्यावर, अशा लग्नांत अपत्ये कमी आणि घटस्फोट अधिक असल्याचे आढळले. एकत्र वाढलेल्या मुलामुलींना एकमेकांविषयी ओढ वाटत नाही, या मताला त्यातून मोठा आधार मिळाला.

रूढीचा परिणाम मोजायचा असेल तर

रूढी मोजता येत नाही, अशी तक्रार ऐकू येते. तैवानमध्ये ती निदान एका बाबतीत मोजता येते, कारण ज्यात प्रत्येक वर्ष एका प्राण्याच्या नावाने ओळखले जाते, त्या बारा वर्षांच्या चिनी राशिचक्राचा ठसा जन्मांच्या आकड्यांवर उमटतो. ड्रॅगनचे वर्ष शुभ मानतात आणि वाघाचे वर्ष अपत्यासाठी टाळतात. २००० या ड्रॅगनच्या वर्षी ३ लाख ५ हजारांहून अधिक बाळे जन्मली आणि २००१ मध्ये सुमारे २ लाख ६० हजार. २०१० या वाघाच्या वर्षी आकडा १,६६,८८६ वर आला आणि एका स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण ०.९ च्याही खाली गेले.

इथे घाई करू नये. २०१० ची घट केवळ वाघामुळे झाली, असे म्हणण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. २००८-०९ मध्ये जागतिक आर्थिक मंदी होती. आणि २००९ हे पंचांगानुसार लग्नाला अशुभ मानलेले वर्ष असल्याने त्या वर्षी लग्नेच कमी झाली. तीन कारणे एकत्र आली होती. त्यानंतर पुढचे चक्र पाहावे. २०२४ हे पुन्हा ड्रॅगनचे वर्ष होते, पण त्या वर्षीचे जन्म, १,३४,८५६, हे २०२३ पेक्षाही थोडे कमी भरले. तीच श्रद्धा, तोच ड्रॅगन, पण उशिरा होणारी लग्ने, घरांच्या किमती आणि बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांची घटती संख्या यांच्यापुढे ती टिकली नाही.

ड्रॅगनच्या वर्षी जन्मलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न घेतला तर दोन विरुद्ध ओढी दिसतात. त्या वर्गात मुले जास्त, म्हणून शाळेतल्या आणि नोकरीतल्या जागांसाठी चुरस जास्त. पण ठरवून त्या वर्षी मूल होऊ देणारे आईबाप कदाचित अधिक नियोजन करणारे, मुलाची अधिक वाट पाहणारे असतील. या दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय ‘ड्रॅगनची मुले यशस्वी होतात’ किंवा ‘होत नाहीत’ असे लिहू नये. तारखाही जपाव्यात: ते वर्ष ५ फेब्रुवारी २००० ला सुरू झाले आणि २३ जानेवारी २००१ ला संपले, तर शाळेचा वर्ग सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सीमेने ठरतो. म्हणजे एकाच राशीची मुले दोन वर्गांत विभागली गेली.

मुलग्याच्या हव्यासाबाबतही हीच काळजी घ्यावी. १९८५ पासून गर्भपात कायदेशीर झाला, सोनोग्राफी सर्वत्र पोहोचली आणि त्यानंतर मुलींच्या तुलनेत मुलग्यांच्या जन्माचे प्रमाण नैसर्गिक पातळीच्या वर गेले, विशेषतः तिसऱ्या आणि त्यापुढच्या अपत्यांत. हव्यास जुनाच होता, साधन नवे आले. पुढे हे प्रमाण पुष्कळसे खाली आले आहे.

रक्तातले, घरातले आणि गावातले

आरोग्य आणि घराणे यांचा संबंध सांगताना सर्वांत जास्त चुका होतात, कारण घरात चालत आलेले सगळेच रक्तातून आलेले नसते. तैवानमध्ये यकृताचा कर्करोग काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत असे आणि तो आनुवंशिक वाटे. त्यातला मोठा भाग हेपटायटिस बी या विषाणूचा होता, आणि तो विषाणू मुख्यतः प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे जात होता. जुलै १९८४ मध्ये बाधित मातांच्या नवजात बाळांना लस देण्यास सुरुवात झाली आणि १९८६ पासून ती सर्व नवजात बालकांना मिळू लागली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांतला यकृताचा कर्करोग १९८१-८६ मध्ये दर लाखामागे ०.७० होता, तो १९९०-९४ मध्ये ०.३६ वर आला. घराण्याचा समजला गेलेला रोग एका सुईने अर्ध्यावर आला, ही सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. त्यामुळे कोणत्याही तैवानी कुटुंबाचा आरोग्य-इतिहास लिहिताना १९८४ पूर्वीची आणि नंतरची अपत्ये वेगळी मांडावीत.

याउलट काही गोष्टी खरोखरच जनुकांत असतात. मद्य पचवणाऱ्या एका विकराचे दुबळे रूप जवळजवळ निम्म्या तैवानी लोकांत आढळते. मद्य घेतल्यावर चेहरा लाल होतो तो यामुळे, आणि अशा माणसांनी पिणे चालू ठेवल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. मात्र किती प्यायचे, हे जनुके ठरवत नाहीत. व्यवसायातल्या मेजवान्यांत वरिष्ठांनी उचललेल्या पेल्याला नाही म्हणता येते का, यावर ते ठरते. इथे जनुक आणि शिष्टाचार मिळून धोका तयार करतात.

सुपारीचेही तसेच. तैवानमधल्या विड्यात तंबाखू नसते, आणि तरीही तो कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्ये ठरवले. सुपारी खाणाऱ्यांत ट्रकचालक, बांधकाम मजूर आणि मच्छीमार पुष्कळ आहेत, कारण तिने झोप उडते आणि अंगात ऊब येते. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण बहुतेक पुरुष आणि बहुतेक कष्टकरी असतात. याला ‘सुपारीची संस्कृती’ म्हणून मोकळे होणे म्हणजे रात्रपाळीचा उल्लेख टाळणे होय.

गावाचा विचारही हवा. ताइनान आणि च्यायी यांच्या किनाऱ्यावरच्या मीठागरांच्या व मासेमारीच्या वस्त्यांत लोक खोल विहिरींचे पाणी पीत. त्यात आर्सेनिक होते, आणि त्यातून पाय काळे पडून कुजण्याचा रोग पसरला. नळाचे पाणी आल्यावर नवे रुग्ण घटत गेले, पण ज्यांनी बालपणी ते पाणी प्यायले त्यांच्यात फुप्फुस व मूत्राशयाचे कर्करोग पुढे कित्येक वर्षे दिसत राहिले. म्हणून आज माणूस कुठे राहतो याच्याइतकेच तो कुठे वाढला, हेही विचारावे.

गटांची नावे जशीच्या तशी स्वीकारू नयेत

होक्लो आणि हक्का (चीनमधून पूर्वीच आलेल्यांचे दोन समाज), १९४५ ते १९४९ च्या सुमारास चीनच्या मुख्य भूमीवरून आलेले लोक आणि मूलनिवासी, असे चार गट सर्वसाधारणपणे सांगतात. मुख्य भूमीवरून आलेल्यांची मुले अधिक शिकली, असे जुने आकडे दाखवतात. पण ओळखपत्रावरचे मूळ प्रांताचे नाव वडिलांवरून लिहिले जाई, आणि ही पद्धत १९९२ मध्ये बंद झाली. आई होक्लो असलेला मुलगाही त्यामुळे वडिलांच्या गटात मोजला गेला आणि आईकडून आलेला वाटा आकड्यांतून पुसला गेला. शिवाय त्या गटात मंत्रालयातले अधिकारी होते तसेच एकट्याने म्हातारे झालेले साधे शिपाईही होते. दोघांची सरासरी कोणाचेच आयुष्य दाखवत नाही.

मूलनिवासींच्या सोळा जमातींना आज अधिकृत मान्यता आहे आणि लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. त्यांचे सरासरी आयुर्मान देशाच्या सरासरीपेक्षा सुमारे सात वर्षांनी कमी आहे. विमा सर्वांना सारखाच असताना हे अंतर उरते, कारण विम्याचे कार्ड असणे आणि डोंगरातून रुग्णालयापर्यंत वेळेत पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १९९९ पासून डोंगराळ भागांत आणि बेटांवर डॉक्टर पाठवण्याची खास योजना चालू आहे ती यासाठीच. आकडे वाचताना एक सावधगिरी घ्यावी: मूलनिवासी कोणाला म्हणायचे, हे कायदा ठरवतो, आणि तो कायदा बदलला आहे. आईबापांपैकी एकच मूलनिवासी असेल तर मुलाला मूलनिवासी नाव घेण्याची अट होती. एप्रिल २०२२ मध्ये संविधान न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.

शाळा आणि शुल्क

शिक्षणाबाबत एकच गोष्ट विसरू नये. तैवानमध्ये नामवंत विद्यापीठे बहुतांशी सरकारी आहेत आणि त्यांचे शुल्क खाजगी विद्यापीठांच्या जवळपास निम्मे असते. राष्ट्रीय तैवान विद्यापीठात कोण शिकते, याचा २००२ मध्ये झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. ताइपे शहरातली, विशेषतः सुस्थित भागांतली मुले तिथे त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार अधिक होती. म्हणजे शिकवण्यांवर खर्च करू शकणारे घर स्वस्त विद्यापीठात पोहोचते आणि तो न झेपणारे घर महागड्या विद्यापीठात. गावोगावच्या शाळांना जागा देणारी प्रवेशयोजना २००७ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२४ पासून खाजगी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना वर्षाला ३५,००० तैवानी डॉलरपर्यंत शुल्कसवलत मिळू लागली. या दोन वर्षांच्या अलीकडचे-पलीकडचे विद्यार्थी तुलनेसाठी उपयोगी पडतील.

माहिती कुठे मिळते आणि कुठे अपुरी पडते

वृद्धांसाठी १९८९ पासूनचा वार्धक्य अभ्यास, कुटुंबासाठी १९९९ पासूनचे कुटुंब-गतिशीलता सर्वेक्षण आणि विद्यार्थ्यांसाठी २००१ पासूनचे शिक्षण सर्वेक्षण, हे तीन साठे आधी पाहावेत. तिन्हींत त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटलेले आहे. आरोग्य विम्याच्या नोंदी प्रचंड आहेत, पण त्यांत शिक्षण नाही, धूम्रपान नाही, सुपारी नाही, आणि उत्पन्नाऐवजी हप्त्यासाठी जाहीर केलेला पगार असतो, जो खऱ्या कमाईपेक्षा कमी असू शकतो. या नोंदी संशोधनासाठी वापरताना नागरिकाला बाहेर पडण्याचा मार्ग असला पाहिजे, असे संविधान न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले आहे, त्यामुळे वापराचे चालू नियम पाहूनच कामाची आखणी करावी.

प्रत्यक्ष मुलाखती घेणार असाल, तर वृद्ध स्त्रियांशी मंदारिनमधून बोलण्याचा हट्ट धरू नये. ज्यांना शाळाच मिळाली नाही, त्यांना ती भाषा परकी आहे; होक्लो, हक्का किंवा त्यांच्या जमातीची भाषा बोलणारा दुभाषी बाहेरून आणावा. घरातला नातू दुभाषी म्हणून हौसेने पुढे येतो, पण आपल्याला लहानपणी दुसऱ्या घरी देऊन टाकले होते, किंवा भावाच्या फीसाठी आपण बाराव्या वर्षी कारखान्यात गेलो, हे त्याच्यासमोर सांगणे आजीला जड जाते. त्याला चहा करायला पाठवून, तिच्या भावंडांची नावे थोरल्यापासून क्रमाने विचारायला सुरुवात करावी.